मोटार बंद पडायची ती जागा

युसूफ, परवा दुपारी मला तुझा फोन आला.

दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. चैत्रातलं ऊन, कारंज्याच्या रस्त्यावर माणूस दिसेना. काउंटरवर ठेवलेला फोन थरथरला आणि त्यावर तुझं नाव उमटलं. तुला जाऊन महिनाही झाला नव्हता, तुझा चाळिसावा अजून व्हायचा होता. हात पुढे जाईना, म्हणून मी तो वाजू दिला. बंद झाला, पुन्हा वाजला. तेव्हा उचलला आणि काही न बोलता नुसता कानाला लावून बसलो. खरं सांगतो, त्या क्षणी मी तुझ्याच आवाजाची वाट पाहत होतो. 'काय बे शेठ, जेवला का?' असंच तू म्हणशील असं वाटलं.

सकिना भाभी होत्या. इद्दतीत आहेत, घराबाहेर पडत नाहीत, म्हणून तुझ्याच फोनवरून बोलत होत्या. "सुभाषभाऊ," त्या म्हणाल्या, "त्यायले बलावणं आलं हाय. धरणावरून."

पोहरादेवीला निघालेली एक गाडी आंघोळीसाठी धरणावर थांबली होती. त्यातला एक तरणा माणूस सकाळी पाण्यात उतरला, तो वर आला नाही. सरकारी पथक निघालं होतं, पण दुसऱ्या दिवशी पोचणार होतं. तिथला पोलीस पाटील नवा. त्याला कोणी तरी तुझा नंबर दिला. तू गेल्याचं त्याच्या कानावर नव्हतं.

"मग तुमी काय सांगतलं?" मी विचारलं.

"म्या म्हनलं, येतात."

मग त्याच म्हणाल्या, "मले नाही म्हनता आलं नाही, भाऊ. या घरातून त्यायनं कोनाले कधी परत लावलं नाही. तुमी जा. मोटार घेऊन जा."

ती होडीची मोटार किती वर्षं तुझ्या दुकानाच्या आढ्याला टांगलेली होती, हे त्यांना माझ्याइतकंच ठाऊक होतं.

लोक तुला विचारायचे, हे काम तुझ्या गळ्यात कसं पडलं? तू हसून सोडून द्यायचास. मी मात्र सुरुवातीपासून होतो. तू जळालेल्या मोटारी तांब्याच्या तारेनं पुन्हा भरायचास, मी मोटारींचं सामान विकायचो. विहिरीत पडलेला पंप तू गळ टाकून काढायचास आणि वर आलेल्या पंपाचं सील, बेअरिंग माझ्याकडून जायचं. एकदा कामरगावाकडे अशाच एका विहिरीवर तू पंपासाठी गळ सोडला आणि हाताला वेगळंच वजन लागलं. ती बाई दोन शेतं पलीकडची होती, घरचे तिला नातेवाइकांकडे शोधत होते. तू तिला वर घेतलंस, स्वतःची लुंगी तिच्यावर टाकलीस आणि चड्डीवर बसून राहिलास. त्या दिवसापासून जिथं कोणी पाण्यात गेलं, तिथून तुला निरोप यायला लागला. दोर धरायला तू मला न्यायला लागलास. माझ्या घरी हे कोणाला आवडत नसे. पण आई मागच्या दाराशी गरम पाण्याची बादली आणि धुतलेलं धोतर ठेवायची, आणि दुसऱ्या दिवशी मलाच विचारायची, "युसूफनं आंघोळ केली ना नीट?"

मग तू कोकणातून ती मोटार आणलीस. होडीच्या मागच्या फळीला चिमटवायची, दोरी ओढून चालू करायची, खाली पाण्यात पंखा. सुरू पेट्रोलवर होई, मग कॉक फिरवून रॉकेलवर घ्यायची. वाशीम जिल्ह्यात असली वस्तू कोणी पाहिली नव्हती. लोक म्हणाले, युसूफ आता समुद्रावर जाते. पण धरणाचं पाणी रुंद, वारा सुटला की भोयांचे थर्माकोलचे तराफे जागेवर राहत नाहीत. गळ ओढायचा तर होडी सावकाश आणि सरळ चालावी लागते. ते त्या मोटारीनं साधायचं.

आणि तिथूनच आपला वाद सुरू झाला.

पहिल्यांदा ती बंद पडली तेव्हा आपण दोघांनीही तिला शिव्या दिल्या. तू दोरी ओढत होतास, मी गळ सोडून दिला, आणि गळाला माणूस लागला. दुसऱ्यांदाही तसंच झालं. तिसऱ्यांदा ती बंद पडल्यावर तू दोरीला हात लावला नाहीस. माझ्याकडे न बघताच म्हणालास, "गळ टाक."

मी तुला कारणं सांगायचो. रॉकेलात पाणी असेल. पंख्याला गवत अडकलं असेल. हळू चालवतो म्हणून प्लग काळा होतो. तू ऐकून घ्यायचास, कारण मोटारीतलं तुला माझ्यापेक्षा कमी कळत नव्हतं. मग विचारायचास, "मंग माणूस वर घेतल्यावर एका दोरीत चालू कशी होते, शेठ?" मी म्हणायचो, तोवर इंजिन थंड होतं. तू म्हणायचास, "हाव. थंडच होते."

तो शेवटचा दिवस मला रोज आठवतो. त्या दिवशी कोणी बुडालं नव्हतं. पंख्याची पिन नवी टाकली होती, ती बघायला आपण दोघं दुपारचे उगाच धरणावर गेलो. तू खुशीत होतास. पंप हाऊसच्या पुढे, काठावरच्या त्या वठलेल्या कडुनिंबाच्या समोर आलो आणि मोटार गप्प झाली. खाकरली नाही, मंदावली नाही. बोलत्या माणसाच्या तोंडावर हात ठेवावा तशी थांबली. मी हसलो, म्हणालो, "पाह्य, आज कोन हाय खाली? कोनीच नाही. झालं ना तुहं खरं खोटं?" तू पाण्याकडे बघत होतास. तुझा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. किती तरी वेळ तू दोरी ओढली नाहीस. होडी वाऱ्यानं बाजूला सरकली, तेव्हा ओढलीस आणि ती लगेच चालू झाली.

काठावर येऊन तू चिमटे सोडलेस, टाकी रिकामी केलीस आणि मोटार ताडपत्रीत गुंडाळून दुकानाच्या आढ्याला टांगून टाकलीस. मी विचारलं, "काहून?" तू म्हणालास, "कोनी नव्हतं, म्हणून."

त्यानंतरही तू बोलावणं आलं की जायचास. तराफ्यावर पालथा पडून हातानं गळ ओढायचास, पण मोटारीचं नाव काढू द्यायचा नाहीस. मी कितीदा विषय काढला. तू दरवेळी चहा सांगायचास.

तर परवा मी ती खाली घेतली.

भाभी आतल्या दाराच्या पडद्यामागे बसल्या होत्या. तुझं दुकान होतं तसंच आहे. भिंतीला तांब्याच्या तारेची रिळं, वार्निशचा वास, आणि तुझ्या बसण्यानं खड्डा पडलेली ती गादी. मी त्या गादीवर बसलो नाही, जमिनीवर पोतं टाकून बसलो. ताडपत्री सोडली. मला वाटलं होतं उंदरांनी घर केलं असेल, पण आत काहीच नव्हतं. कोळ्याचं जाळंसुद्धा नाही. आढ्यावर सगळीकडे जाळी होती, मोटारीभोवती तेवढी नव्हती.

हातानं वरचं चाक फिरवून पाहिलं, हलेना. प्लग काढून आत तेल सोडलं आणि थांबलो. तोवर कार्बोरेटर उघडला. टाकी तू रिकामी केली होतीस, पण कटोरीत राहिलेलं रॉकेल वाळून गुळाच्या पाकासारखं घट्ट झालं होतं. ते पेट्रोलनं धुतलं. जेटचं भोक बुजलं होतं, ते तुझ्याच रिळातली बारीक तार घालून मोकळं केलं. रॉकेलची नळी हातात तुटली. तिच्या जागी दुकानातून फवारणी पंपाची नळी आणून बसवली. थंड पाणी खेचणाऱ्या रबरी पंख्याची पाती एका बाजूला वाकून कडक झाली होती, तो उलटा करून घातला. एका दिवसापुरता चालेल, एवढीच अपेक्षा. चाक सुटलं तेव्हा आतून एक लांब उसासा आला. दाबलेली हवा होती ती. पडद्यामागून भाभींनी विचारलं, "काय म्हनलं?"

"काही नाही, भाभी. हवा होती."

अंगणात पाण्याचा ड्रम भरला, फळी बांधून मोटार त्यात उभी केली आणि दोरी ओढली. काही नाही. ओढत राहिलो. प्लग बाहेर काढून बॉडीला टेकवला, ठिणगीच नव्हती. ठिणगी पाडणारे पॉइंट घासले. तरी नाही. उन्हानं डोळ्यांपुढे अंधारी यायला लागली. तेव्हा मला वाटलं, तू हिला मुद्दामच अशी करून ठेवलीस की काय. मनातल्या मनात तुझ्याशी भांडलो. एवढं बोलावणं आलंय, तिकडे माणसं काठावर बसलीत, आता तरी सोड.

मग बंद करायच्या बटणाकडे लक्ष गेलं. गंजून आतल्या आत चिकटलं होतं. म्हणजे इतकी वर्षं मोटार 'बंद'वरच दाबलेली होती. दुसरं बटण कारंज्यात मिळणं शक्य नव्हतं. मी ती वायर कापून टाकली. आता तिला थांबवायला बटण उरलं नाही. थांबवायची तर कॉक फिरवून तेल तोडायचं. पण ठिणगी आली, निळी, टिच्च आवाजाची.

पुढच्या दोरीला मोटार चालू झाली. ड्रममधलं पाणी उसळलं, धूर अंगणभर झाला आणि बाजूच्या भोकातून पाण्याची बारीक धार पडायला लागली. ती धार पडली की तू म्हणायचास, मुतून राह्यली, म्हंजे तब्येत ठीक हाय. मी पडद्याकडे बघितलं. भाभी रडत नव्हत्या. म्हणाल्या, "हा आवाज त्यायले झोपेत ऐकू यायचा. उठून बसायचे. म्हनायचे, मोटार म्हनते, खाली उतरव मले." मला हे तू कधी सांगितलं नाहीस.

धरणावर पोचलो तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. काठावर ती गाडी उभी होती, तिला बांधलेले पांढरे झेंडे वाऱ्यानं फडफडत होते. बायका एका चादरीखाली बसल्या होत्या. एक म्हातारा पाण्याच्या अगदी कडेला उकिडवा बसला होता, चपला हातात धरून. त्या त्याच्या नव्हत्या. बुडालेल्या जावयाच्या होत्या. लेकीचं लग्न मागच्याच वर्षी झालेलं, देवीच्या पाया पडायला पहिल्यांदा जोडीनं निघाले होते. भोयांनी दुपारभर तराफ्यांवरून गळ टाकला होता. वाऱ्यापुढे त्यांचं चाललं नव्हतं.

मच्छीमार सोसायटीची पत्र्याची होडी मिळाली. सोबत महादेव भोई आला, तुला चांगला ओळखणारा. त्यानं मोटार बघितली आणि एवढंच विचारलं, "युसूफभाईची ना?" मी मान हलवली. त्यानं होडीत चढण्याआधी पाण्याला हात लावून कपाळाला लावला. तुझ्यासोबत जाताना तो असं करायचा का, मला आठवेना.

माणूस बुडाला ती जागा पायऱ्यांच्या समोर होती. तिथं आम्ही हळूहळू येरझारा घातल्या. महादेवनं दोर धरला होता, मी मोटार. गळ चिखलातून रिकामा यायचा, कधी लाकूड, कधी जुनं जाळं. मी हिशेबानं विचार करत होतो. ताजं बुडालेलं माणूस फार लांब जात नाही, आजूबाजूलाच असतं, हे तूच मला शिकवलं होतंस. म्हणून फेरे घालत राहिलो. सूर्य खाली चालला. वळताना वाऱ्यानं होडीचं तोंड फिरवलं आणि आम्ही पंप हाऊसच्या पुढे ओढले गेलो. मी मूठ फिरवून परत वळवायला गेलो, आणि मोटार थांबली.

तशीच. खाकरली नाही, मंदावली नाही.

एवढ्या मोठ्या पाण्यावर एकदम काही ऐकू येईना. वारासुद्धा त्या वेळी पडला होता. काठावरच्या बायकांचं रडणं तोवर ऐकू येत होतं, तेही थांबलं. मोटार थांबली म्हणून बहुतेक. मी टाकी बघितली, अर्धी भरलेली होती. नळीत रॉकेल होतं. मोटार वर उचलली, पंख्याला गवताची काडी नव्हती. बटणाची वायर तर मीच कापली होती. मान वर केली, तर समोर तो वठलेला कडुनिंब होता.

"काय झालं?" महादेव म्हणाला. "दोरी ओढा ना. इथं नाही ते, भाऊ. ते तर तिकडं पायऱ्यांकडं बुडालं."

माझ्या तोंडून निघालं, "गळ टाक."

आवाज माझाच होता, युसूफ. पण ते वाक्य मी आयुष्यात कधी म्हटलं नव्हतं. महादेवनं दोर सोडला. दोर बराच खाली गेला. त्यानं दोनदा हलवून पाहिला आणि त्याचा चेहरा बदलला. "हाय," तो म्हणाला.

आम्ही त्याला वर घेतलं. तरणा होता, मिशी नुकती कोरलेली, कमरेला नवा करदोटा. झोपेतून उठवल्यावर माणूस वैतागतो तसा थोडासा चेहरा. मी तू म्हणायचास तसं त्याला म्हटलं, "चल बापू, घरी." आणि दोरी ओढली. एका दोरीत चालू झाली.

परतताना महादेव म्हणाला, खालून जुन्या नदीचं पात्र जाते, त्यानं ओढलं असेल. असेल. मला ते पटतं. गंजलेली, घाईनं जोडलेली मोटार गरम होऊन थांबू शकते, तेही पटतं. आपल्या वादात मी अजून माझ्या बाजूनंच आहे, बरं का. पण एका गोष्टीचं उत्तर मला देता येत नाही आणि ते विचारायला तू नाहीस. आपण त्या दुपारी त्याच जागी थांबलो, तेव्हा हा पोरगा कुठे तरी किनवटाकडे आपल्या तांड्यावर पाटी घेऊन शाळेत जात असेल. तू पाण्याकडे बघत होतास तेव्हा तुला काय दिसलं? आणि त्यानंतर मोटार टांगून ठेवलीस ती भीतीनं, की हे मरण पुढे ढकलता येईल असं तुला वाटलं म्हणून? तू सांगितलं असतंस तर मी हसलो असतो, हे तुला माहीत होतं. म्हणूनच चहा सांगायचास ना?

काठावर आलो. कॉक फिरवला, तेल संपेपर्यंत मोटार चालत राहिली आणि मग थांबली. चार जणांनी त्याला उचलून वर नेलं. मग चादरीखालून लेकीचा आवाज आला. त्याबद्दल मी लिहीत नाही, तू असले आवाज पुष्कळ ऐकलेस.

मी होडीतच बसून राहिलो. थोड्या वेळानं तो म्हातारा परत पाण्याशी आला. घोट्याएवढ्या पाण्यात उभा राहिला आणि मोटारीच्या डोक्यावर हात ठेवला. ती अजून तापलेली होती, पण त्यानं हात काढला नाही.

"मोटार तुमची का, सायेब?"

"नाही," मी म्हणालो. "माह्या दोस्ताची हाय."

"ते नाही आले?"

काय सांगणार होतो? तो माणूस त्या दिवशी आणखी एका मरणाचं ऐकायच्या अवस्थेत नव्हता. मी म्हणालो, "त्यायनंच पाठवलं मले."

त्यानं मान हलवली. वर बायकांकडे बघितलं, पुन्हा माझ्याकडे. हात जोडले नाहीत, काही नाही. शेजारच्या गावातल्या माणसाकडे निरोप द्यावा तसं साधं बोलला.

"त्यांला सांगा," तो म्हणाला, "पोरीला रात्र काठावर काढावी लागली नाही. एवढं सांगा त्यांला. इसरू नका."

मी म्हणालो, सांगतो.

तर युसूफ, पोरीला रात्र काठावर काढावी लागली नाही.